मयेकरसाहेबांची नदी

कतारमध्ये नदी नाही. शाळेच्या भूगोलात हे एका ओळीत सांगून टाकतात आणि ते खरंच आहे. पण मयेकरसाहेबांसमोर हे वाक्य म्हणायची सोय नव्हती. मी कंपनीत रुजू झालो त्याच आठवड्यात जेवणाच्या टेबलावर ते माझ्या तोंडून गेलं. पलीकडच्या टेबलावरून एक उंच, सडपातळ, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ आपला डबा उचलून आले आणि माझ्यासमोर बसले.

"गाव कुठलं?"

"धारूर, सर. बीड जिल्हा."

"शुक्रवारी मोकळा आहेस ना, धारूर? नदी दाखवतो."

माझं नाव त्यांनी विचारलंच नाही. ते आमच्या विभागाचे प्रमुख आहेत, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

मयेकरसाहेब माणसांना गावाच्या नावानं हाक मारत. "आडनाव पासपोर्टवर असतंच. गाव निदान तोंडात तरी राहू दे," असं त्यांचं म्हणणं. आयटीतला एक तरुण मुलगा आमच्यात असे, तो पिंपरी. मी धारूर. खुद्द स्वतःच्या बायकोला ते चारचौघांत "निफाड" म्हणत, आणि वहिनीही त्याला ओ देत. माझी मुलगी ओवी दोह्यातच जन्मली, तेव्हा तिला काय म्हणायचं असा प्रश्न आला. साहेबांनी तिला मांडीवर घेऊन थोडा विचार केला आणि म्हणाले, "ही आमची दोहेकरीण."

त्यांचं स्वतःचं गाव देवगडच्या बाजूला, एका खाडीच्या पलीकडे. घरापर्यंत रस्ता नाही. अलीकडच्या धक्क्यावर उतरायचं, होडीत बसायचं आणि पलीकडे जायचं. पूल होणार, पूल होणार असं त्यांच्या लहानपणापासून चाललं होतं. "पूल झाला नाही तेच बरं," ते म्हणायचे, "नाहीतर कोण पण येत राहिला असता."

आमचा विभाग होता पातळी मोजण्याचा. मोठमोठ्या टाक्यांमध्ये किती तेल आहे ते बाहेरच्या पडद्यावर दाखवणारी उपकरणं आम्ही सांभाळायचो. या कामात साहेबांचा हात धरणारा माणूस मी पाहिला नाही. उपकरण एक सांगतंय आणि टाकीत दुसरंच आहे, हे त्यांना आकड्याच्या नुसत्या हालचालीवरून कळे. कंपनीतले इंग्रज, मिसरी, फिलिपिनो सगळे त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवायचे.

आणि हाच माणूस समुद्राची पातळी सांगायला लागला की घरचे लोक पळ काढण्यासाठी चपला शोधायला लागत.

त्याचं कारण होतं तिथी. कोकणात भरतीची वेळ काढायचा एक जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असली तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमाराला. त्यांच्या गावातलं शेंबडं पोर हा हिशेब करतं आणि तो बरोबर येतो. साहेबांनी तो कतारला आणला. दोह्याच्या घरात स्वयंपाकघराच्या दारामागे मराठी दिनदर्शिका टांगलेली असे. गुरुवारी संध्याकाळी ते तिच्यासमोर उभे राहत, तिथी बघत, बोटांच्या पेरांवर पाऊणपट करत आणि जाहीर करत. आखाती समुद्राला ही पाऊणपट कुणी शिकवलेली नव्हती. तो आपल्या वेळेनं येई-जाई.

"साहेब, ॲपवर वेगळी वेळ दाखवतंय," पिंपरी म्हणायचा.

"तुझ्या ॲपचा बाप कधी होडीत बसला होता काय?"

तर ती नदी. दोह्याहून उत्तरेला निघायचं, अल खोर मागे टाकायचं, आणि सपाट पिवळ्या वाळूतून एकूण तासभर गाडी चालवल्यावर अचानक समोर हिरवा पट्टा येतो. तिवरांचं जंगल. आपल्याकडे खाडीच्या काठाला असतात तीच झाडं, फक्त जरा बुटकी. त्यांच्यामधून पाण्याच्या गल्ल्या आत आत गेलेल्या. हिवाळ्यात तिथं रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. गार वारा सुटलेला असतो आणि माणूस क्वचित दिसतो. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ओहोटी चालू होती आणि त्या गल्लीतून पाणी चांगलं ओढीनं समुद्राकडे निघालं होतं.

"काय आहे हे?" साहेबांनी विचारलं.

"नदी," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? आमच्या धारूरजवळची नदी मी वाहताना पाहिली होती ती फार थोडे दिवस.

"आता दुपारी बघ. हीच नदी उलटी वाहायला लागेल. आपल्याकडची नदी माणसाला नेते आणि सोडून देते. ही परत आणून घालते." असं म्हणून त्यांनी तळहात पालथा केला, तो हळूहळू पुढे सरकवला, जरा थांबवला आणि तसाच मागे आणला.

हा हात मी पुढे शेकडो वेळा पाहिला. कुणी रजेवर निघालं, कुणाची बदली झाली, कुणाचा मुलगा शिकायला परदेशी गेला, की साहेब बोलत नसत, तो हात करत. वहिनी चिडायच्या. "हात खाली घ्या. लोकांना वाटतं नाग डोलवताय."

हिवाळ्यातले शुक्रवार म्हणजे आमची सहल. साहेबांकडे हवा भरायची एक मोठी रबरी होडी होती आणि तिच्याखेरीज ट्रकच्या ट्यूबांवर फळ्या बांधून त्यांनी स्वतः केलेला एक तराफा. ओहोटी लागली की वरच्या अंगाला पाण्यात उतरायचं आणि काही न करता वाहत जायचं. वल्ही होती, पण ती वापरलेली त्यांना आवडत नसत. "यल्ला, यल्ला करून घाई करायला ऑफिस आहे. हय गप रव." मुखाशी एक वाळूचा उंचवटा होता. तिथं थांबून गळ टाकायचे, जेवायचं, आणि भरती आली की तिच्याबरोबर परत. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय कुणाला चहासुद्धा मिळत नसे, मग तो पाण्यात उतरणार असो वा नसो. जॅकेट घालून सतरंजीवर बसून पोहे खाणारी आमची मंडळी बघून येणारेजाणारे अरब गाडी हळू करत.

हंगामाच्या पहिल्या सहलीला ते नारळ आणायचे. समुद्राला द्यायचा म्हणून. पण तिथं पाण्यात काही टाकलं तर दंड होतो, अशी त्यांना धास्ती. म्हणून ते गुडघाभर पाण्यात जात, नारळ पाण्याला टेकवत, डोळे मिटून काहीतरी पुटपुटत आणि नारळ घेऊन परत येत. मग तोच नारळ फोडून दुपारच्या कालवणात.

"हे कसलं देणं?" माझी बायको कल्पना एकदा न राहवून म्हणाली.

"दाखवला ना त्याला. नैवेद्य दाखवतेस तेव्हा देव सगळा खातो काय?"

मासे मात्र त्यांना फारसे मिळत नसत. हे लिहिताना मला जपून लिहावं लागतंय, कारण हा मजकूर त्यांच्या वाचनात येणार आहे. तासन्‌तास गळ धरून बसायचे. माशांशी मालवणीत बोलायचे. कधीतरी बोटाएवढा मासा लागे. तो हळूच सोडवून पाण्यात सोडताना त्याच्या आईला निरोप द्यायचे, "जा, आवशीक सांग, मोठो होऊन येतंय." ओवी शेजारी उभी असे. ती इंग्रजी शाळेत जाणारी, घरात आम्ही मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत. "आजोबा, इट्स सो टायनी! व्हाय डू यू इव्हन टॉक टू इट?" साहेब तिला मालवणीतच उत्तर द्यायचे आणि तिला ते सगळं समजायचं. आमची बीडची मराठी तिला येईना, पण एकदा मी गाडीची किल्ली घेऊन निघालो तर मागून आवाज आला, "बाबा, खय चललास?" कल्पना हसून हसून खाली बसली. परतताना अल खोरच्या बाजारातून हमूर मासा विकत घेतला जाई. वहिनी तो तळायच्या आणि साहेब जेवताना म्हणायचे, "आपल्या हातच्या माशाची चव वेगळीच." आम्ही मान खाली घालून काटे काढत असू.

इथं मला माझं थोडं सांगायला हवं, कारण त्यावाचून साहेब पुरे होणार नाहीत. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. वडील बाजार समितीत हमाली करायचे. सरकारी कॉलेजातून इंजिनिअर झालो तरी इंग्रजी बोलायची वेळ आली की माझे कान गरम व्हायचे. पहिल्याच महिन्यात ग्राहक कंपनीच्या लोकांसमोर एका टाकीबद्दल मला बोलायचं होतं. आदल्या दिवशी मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन म्हणालो, दुसऱ्या कुणाला सांगा. त्यांनी काम थांबवलं. "तुला टाकी माहीत आहे?" माहीत आहे म्हणालो. "मग जेवढं माहीत आहे तेवढं सांग आणि गप्प बस. इंग्रजी कमी पडली की आकडे बोल. आकड्यांना व्याकरण नसतं." त्या बैठकीत मी बहुतेक आकडेच बोललो. ते मागच्या खुर्चीत डोळे मिटून बसले होते. संपल्यावर एका गोऱ्या साहेबानं माझी तारीफ केली तेव्हा त्यांनी एक डोळा उघडला.

त्याच शुक्रवारी त्यांनी मला दोह्याच्या मदिनत खलीफा भागातल्या आपल्या राहत्या कंपाउंडमध्ये बोलावलं. तिथं एक छोटा पोहण्याचा तलाव होता. मला पाण्याची भीती. ते म्हणाले, पोहायचं नंतर बघू, आधी नुसतं पडून राहायला शीक. एक हात माझ्या पाठीखाली धरला. मी हातपाय झाडत होतो, पाणी पीत होतो. "अरे धारूर, पाण्याला मारतोस कशाला? त्यानं तुझं काय केलंय?" कधीतरी माझे पाय आपोआप वर आले आणि वर निळं आकाश दिसलं. त्यांचा हात पाठीखालून कधी निघून गेला होता ते मला कळलंच नाही. परदेशात इतकी वर्षं मी नीट उभा राहिलो त्यात बराच भाग त्या दुपारचा आहे, असं मला मनापासून वाटतं.

आता वहिनींकडे येतो.

इतक्या सहली झाल्या, पण सुनंदावहिनी कधी होडीत बसल्या नाहीत. त्या काठावर सतरंजी टाकून बसत, थर्मास सांभाळत, छत्री लावून विणकाम करत. सांगायच्या, "मी होडीत बसायची नाही हा माझा नेम आहे." त्याचं कारण नव्या माणसाला त्या स्वतःच सांगत, आणि साहेब तेवढा वेळ मासे बघायला निघून जात.

"आमचं लग्न निफाडला झालं," वहिनी सुरू करायच्या. "दुसऱ्या दिवशी वरात यांच्या गावी. धक्क्यावर पोचलो तर होडीवाला म्हणतो, आता नको, पाणी उतरतंय. हे म्हणाले, माझा हिशेब आहे, तिथीची पाऊणपट, भरपूर पाणी आहे. नवा नवरा, मी काय बोलणार? मध्यावर होडी बसली चिखलात. हलेना. शेवटी उतरून चालत जायची पाळी. अंगावर शालू, डोक्याला मुंडावळ्या आणि गुडघाभर चिखल! पलीकडे सगळं गाव बघायला उभं. सासूबाई माप घेऊन दारात होत्या. माझे पाय बघून त्यांनी माप बाजूला ठेवलं आणि बादली आणली."

एवढं झाल्यावर लांबून साहेबांचा आवाज यायचा, "हिशेब बरोबर होता! वरात उशिरा आली. तुमची निफाडची माणसं वाटेत दोनदा जेवली!"

"बघा," वहिनी म्हणायच्या. "अजून हिशेब बरोबरच."

"हिशेब बरोबर होता" हे साहेबांचं ठरलेलं वाक्य होतं. कतारमध्ये सुरुवातीच्या एका सहलीत तिथीच्या हिशेबानं सगळी मंडळी चिखलात रुतली होती. काठावरचा एक म्हातारा कतारी मासे धरत बसला होता. त्यानं तिथूनच ओरडून विचारलं, "सदीक, आज पानी रूह, मालूम नहीं?" म्हणजे, मित्रा, आज पाणी जाणार, ठाऊक नाही? आणि सगळ्यांना खजूर पाठवले. तेव्हाही साहेब म्हणाले होते, "हिशेब बरोबर होता. समुद्र चुकला."

त्यानंतर मात्र सहली कधी फसल्या नाहीत. त्याचं रहस्य तिथीत नव्हतं. गाडीतून उतरल्याबरोबर साहेब एका मोडक्या गळाची काठी पाण्याच्या कडेला रोवत. त्याला रंगीत पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. आम्ही पोहे खात असू तेव्हा ते त्या काठीकडे बघत बसायचे. पट्टी दिसली, पट्टी बुडाली, यावरून पाणी कुठे निघालंय ते त्यांना कळे, आणि मग ते उठून म्हणत, "चला, पाऊणपट झाली." शेवटी पातळी मोजणारा माणूस! तिथी नावाला, काम काठी करत होती. हे सगळ्यांना माहीत होतं. पण बोलून दाखवायची कुणाची टाप होती?

निवृत्तीचं वर्ष आलं तसा दोघांत एक वाद सुरू झाला. साहेबांना गावी, खाडीपलीकडच्या घरी जाऊन राहायचं होतं. वहिनींना नाशिकला फ्लॅट हवा होता. एरवी दोघंही चेष्टेत बोलत, पण हा वाद चेष्टेचा नव्हता. साहेब ऑफिसात खिडकीशी उभे राहू लागले. एकदा मला म्हणाले, "धारूर, तिच्यावाचून मी काय तिथं राहणार नाही. पण नाशकात मी काय करू रे? दुसऱ्या मजल्यावरून गळ टाकू?" हसले, पण डोळे हसत नव्हते.

एका सहलीत वहिनींनीच सगळ्यांसमोर अट घातली. "मला या तुमच्या नदीतून एकदा न्या आणि न अडकता परत आणा. आणलंत तर मुकाट्यानं तुमच्या गावी येते. अडकलात तर नाशिक. खलास."

"खरंच?"

"खरंच. पण त्या काठीकडे तास न्‌ तास बघत बसायचं नाही. मला घरून निघतानाच वेळ सांगा. सतरंजीवर बसून राहायला आता माझे गुडघे ऐकत नाहीत."

साहेबांच्या चेहऱ्यावरून मला दिसलं की ही अट काठीवाचूनची आहे एवढंच त्यांच्या कानात शिरलं होतं.

तो आठवडा ऑफिसात फार कठीण गेला. टाक्यांचे आकडे ते न बघता सही करत होते, असं नव्हे, पण चहा मात्र दोनदा साखरेवाचून प्यायले. गुरुवारी पिंपरीला बोलावून त्यांनी ॲप बघितलं. त्यांना असं करताना आम्ही प्रथमच पाहत होतो. मग संध्याकाळी घरी जाऊन दिनदर्शिकेसमोर उभे राहिले. ॲप म्हणत होतं, सकाळी लवकर निघा. तिथी म्हणत होती, जेवूनच निघा. ॲप खोटं म्हणवेना, कारण पिंपरीचं आतापर्यंत नेहमी खरं ठरलं होतं. तिथी सोडवेना, कारण ती वडिलांनी शिकवलेली. तेव्हा या माणसानं, ज्यानं जन्मभर दोन उपकरणं वेगळे आकडे दाखवू लागली तर आधी प्रत्यक्ष टाकीत बघा असं आम्हाला बजावलं, त्यानं दोन्ही वेळांच्या बरोबर मधली वेळ काढली आणि वहिनींना सांगितली.

शुक्रवारी आम्ही पोचलो तेव्हाच मला पाणी कमी वाटलं. मी काठी काढायला गाडीकडे वळलो तर वहिनी म्हणाल्या, "सोळंकेभाऊजी, ती काठी राहू द्या." माझं आडनाव तेवढ्या एकट्याच घेत. साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "राहू दे रे. हिशेब केलाय."

वहिनी होडीत बसल्या तो देखावा मी विसरणार नाही. लाइफ जॅकेटवरून साडीचा पदर घेतलेला, एका हातात छत्री, दुसऱ्यात पर्स, मांडीवर डब्याची पिशवी. साहेबांनी होडी अशी धरली होती, जणू आत माणूस नव्हे, काचेचा ऐवज आहे. "पर्स कशाला?" त्यांनी विचारलं. "पलीकडे दुकान लागलं तर," वहिनी म्हणाल्या.

होडी सुटली. ओढ चांगली होती. साहेब आम्हाला तो हात करत होते, पुढे, जरा थांबून मागे. तिवरांच्या वळणापर्यंत दोघं दिसत होते. रोहित पक्षी उडाले तेव्हा वहिनींनी छत्री मागे करून वर पाहिलं. आणि पुढच्या वळणाच्या आधीच होडी संथ झाली, जरा फिरली आणि थांबली.

पाणी दोन्ही बाजूंनी सरकत गेलं आणि होडीच्या भोवती काळा, चकचकीत चिखल उरला.

"आता तुम्ही उतरा!" वहिनींचा आवाज स्वच्छ ऐकू आला. वारा आमच्या बाजूला होता.

साहेब उतरले. मांडीपर्यंत गेले. होडीचा दोर खांद्यावर घेऊन त्यांनी ओढ काढली. होडी हलली नाही, त्यांची एक चप्पल मात्र कायमची गेली.

"आजोबानू, घाबरा नको!" ओवी तोंडाशी हात धरून ओरडली. "पाणी येतला!"

ते ऐकून साहेबांनी दोर सोडला आणि होडीच्या कडेला टेकून चिखलातच उभे राहिले. नंतर वहिनींनी त्यांना हाताला धरून वर घेतलं. पुढे आम्हाला दिसलं ते एवढंच. वहिनींनी छत्री दोघांवर धरली. डबा उघडला. साहेब काहीतरी बोलत होते, मान खाली. मग बराच वेळ वहिनी बोलत होत्या. एकदा वहिनींचं मोठ्यानं हसणं ऐकू आलं. इतक्या वर्षांत मी त्या दोघांना कुणी मध्ये नसताना एवढा वेळ एका जागी बसलेलं पाहिलं नव्हतं. कल्पना म्हणाली, "बघू नका तिकडे. त्यांचं चाललंय ते चालू दे." आम्ही सगळे पाठ करून बसलो आणि थंड झालेले पोहे खाल्ले.

दुपारी पाणी फिरलं. आधी चिखलावर एक चकाकी आली, मग होडी डुलली. कुणी वल्हं मारलं नाही. ती आपली आपण वळली आणि दोघांना घेऊन सावकाश काठाशी आली. साहेब कमरेपर्यंत काळे. माझ्याकडे बघून फक्त म्हणाले, "नाशिक."

वहिनींनी आधी पर्स माझ्याकडे दिली, मग छत्री, मग हात. काठावर नीट उभ्या राहिल्या आणि पदर सारखा केला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "पैज मी जिंकले. हे अडकले. पण यांनी कबूल केलं."

"काय कबूल केलं?" पिंपरी म्हणाला.

"सांगा," वहिनी म्हणाल्या.

साहेबांनी मिशीवरचा चिखल पुसला. "हिशेब चुकला," ते म्हणाले.

"कुठला?"

"आजचा." वहिनी बघतच होत्या. "आणि तो वरातीचा पण. होडीवाला सांगत होता ते बरोबर होतं. माका तेव्हाच कळला होता. पण सगळे बघत होते, मागे कसा फिरू?"

"झालं," वहिनी म्हणाल्या. "एवढं तेव्हा म्हणाला असतात तर कधीच होडीत बसले असते. चिखलाचं काय, चिखल धुतला की जातो." आणि सतरंजी झटकता झटकता पुढे म्हणाल्या, "येते मी तुमच्या गावी. पण भरतीची वेळ यापुढे मी बघणार. आणि होडीवाला म्हणेल ती पूर्व दिशा."

साहेब पाण्याकडे गेले, खाली वाकून ओंजळ भरली आणि तोंड धुतलं. जरा जास्तच वेळ धुतलं.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत त्यांचं फायनल एक्झिट झालं, म्हणजे कतार कायमचं सुटलं. तराफा आणि रंगीत पट्ट्यांची काठी माझ्या अल सद्दच्या घरी आली. तराफा बाल्कनीत उभा आहे आणि कल्पना रोज त्याला एक शिवी देते. हिवाळ्यात आम्ही उत्तरेला जातो. काठी मी रोवतो, ओवी बघत बसते.

विमानतळावर त्यांना पोचवायला आम्ही सगळे गेलो होतो. गळ ठेवायची लांब नळी सामानात जाईना, म्हणून काउंटरवरच्या मुलीशी साहेबांची हुज्जत चालली होती. ती विचारत होती, यात काय आहे, आणि साहेब तिला हमूर हातभर असतो की त्याहून मोठा, ते दाखवत होते. वहिनींनी पुढे होऊन ते मिटवलं. फोन काढून बघितला आणि म्हणाल्या, "उद्या दुपारी पाणी भरपूर आहे. होडीवाल्याला कळवलंय. चला."

"तिथी कुठली आहे पण उद्या?" साहेबांनी विचारलं.

"ती तुम्ही काढत बसा विमानात."

ते माझ्या खांद्यावर हात ठेवून "बरा हा, धारूर" एवढंच म्हणाले आणि नळी छातीशी धरून निघाले. दोन्ही हात अडकलेले. काचेच्या दारापाशी ते थांबले, वळले आणि आमच्याकडे बघून नळी सावरू लागले. हात करायचा होता, मला कळलं. पण हात मोकळा होईना. तेव्हा वहिनींनी पर्स खांद्यावर सरकवली, आपला तळहात पालथा केला, आमच्या दिशेनं हळूहळू पुढे आणला, जरा थांबवला आणि तसाच मागे नेला.

साहेब त्यांच्याकडे बघतच राहिले. मग दार बंद झालं.